सांगलीची संध्याकाळ, मिरजेची सकाळ

गुरुवार, रात्री साडेदहा
गावभाग, सांगली

उद्या दुपारी मिरजेहून धारवाडची गाडी आहे. साताऱ्याहून पहाटे निघूनही ती गाठता आली असती, पण जीव मुठीत धरून प्रवास करण्यापेक्षा एक दिवस आधीच निघाले आणि दुपारी आत्याकडे उतरले. म्हणजे हातात एक संध्याकाळ, एक रात्र आणि एक सकाळ.

असा मधला मुक्काम बहुतेक लोक वाया घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जेवायचं, टीव्हीसमोर बसायचं, गजर लावून झोपायचं आणि उठून स्टेशन गाठायचं. ज्या गावात रात्र काढली ते कसं आहे, म्हणून कुणी विचारलं तर काही सांगता येत नाही. काही जण याच्या उलट करतात. रिक्षा ठरवून गणपती, संग्रहालय, हरिपूर, दर्गा असं सगळं पाच-पाच मिनिटांत उरकतात. त्यातूनही हाताला फारसं लागत नाही. मी आपलं एवढंच बघते की या वेळेला हे गाव स्वतः काय करत असतं. संध्याकाळी गावातली माणसं जिथे जाऊन बसतात तिथे बसायचं. सकाळी जिथे कामाला हात लागतो तिथे जायचं. बाकीचं राहिलं तर राहू द्यायचं, त्याची हळहळ करायची नाही.

आत्याला हे पटेना. "एका रात्रीत काय बघणार गं तू सांगली? चार दिवस काढून ये, मग दाखवते."

"आत्या, चार दिवस कधी निघायचे? चहा घेऊ आणि तूच चल माझ्याबरोबर."

गुडघ्यांची कुरकुर करत का होईना, निघाली. मुक्काम गावभागात असल्याचा मोठा फायदा म्हणजे सगळं चालत. गणपती मंदिर थोरल्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधलेलं. बाहेरगावचा माणूस ते प्रेक्षणीय स्थळ म्हणून बघतो. सांगलीकरांचं मात्र दुकान बंद करून घरी जाताना दोन मिनिटं आत वळण्याचं ठिकाण आहे. चपला काढायच्या, नमस्कार करायचा, सभामंडपात टेकायचं. आत्याच्या ओळखीच्या तिघी भेटल्या. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे इथपासून हळदीला यंदा काय दर निघतोय इथपर्यंत बोलणं झालं. फेब्रुवारी आहे, मार्केट यार्डात नवी हळद यायला लागली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मंदिराच्या पायरीवर चर्चा दराचीच. मला त्या बायकांचं हळदीवरचं बोलणं ऐकायला फार आवडलं. एकीने तर हळकुंडाला पॉलिश चांगलं झालंय की नाही हे मुठीत खुळखुळवून कसं कळतं, ते हात करून दाखवलं.

तिथून घाटावर. कृष्णा आत्ता अंग चोरून वाहते आहे. पोहायला आलेली पोरं पायऱ्यांवर अंग पुसत होती, पलीकडे सांगलीवाडीचे दिवे लागत होते. उजेड जाईपर्यंत आम्ही आयर्विन पुलाकडे तोंड करून बसलो. १९२९ सालचा हा पूल. त्या वेळच्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं ते अजून तसंच आहे. मला लहानपणी वाटायचं, पूल म्हणजे फक्त पलीकडे जायला. सांगलीत तो पाणी मोजायलाही लागतो. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आत्याला तेव्हा बोटीतून काढलं. तिच्या सोप्याच्या भिंतीवर तिने त्या पाण्याची रेघ रंग देतानाही पुसू दिली नाही. माझ्या डोक्याच्या चांगली वर आहे. त्याखाली २००५ ची रेघ, पेन्सिलीने काढलेली. एवढं होऊनही ती रोज या घाटावर येऊन बसते. नदीवर राग धरावा असं तिला वाटतच नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "तिचं पाणी पिऊन मोठी झाले की मी."

भडंग घेतलं, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे. लसणाचा खमंग वास, शेंगदाणे, तिखट हाताला लागतं ते चाटून खायचं. कोल्हापूर, जयसिंगपूर, सांगली, सगळ्यांचा त्यावर हक्क आहे, पण नदीकाठी बसून खाल्लेलं सांगलीचंच, असं मी ठरवून टाकलं.

येताना भावे नाट्यमंदिरावरून वळसा घेतला. आज प्रयोग नव्हता. असता तर दुसरं काही केलं नसतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याच प्रयोगाचा. ज्या गावात मराठी नाटक जन्माला आलं तिथे रात्र काढायची आणि नाटक लागलंय का हे विचारायचंसुद्धा नाही, हे मला पटत नाही. लागलेलं नसेल तर नसेल, विचारावं तरी.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी. कृष्णाकाठच्या वांग्याबद्दल साताऱ्यात आणि सांगलीत जो वाद आहे त्यात मी आज पडले नाही. तीन खाल्ली.

उद्या सात वाजता निघायचं.

शुक्रवार, दुपारी
मिरज स्टेशन

गाडीला अजून वेळ आहे, तोवर लिहिते.

आमच्याकडे मिरजेला जायचं म्हणजे एक तर गाडी बदलायला, नाहीतर दवाखान्याला. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून कोकणापासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट या गावाच्या वाटेला लागले. आणि रेल्वेचं तर विचारूच नका. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने यायचं, इथे उतरायचं आणि बंगळूरकडे जायला मीटरगेजची गाडी धरायची, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता. पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी आणखी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे वेगळीच. एकाच स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ होते. बाबा कॉलेजला धारवाडला होते, ते या फलाटावर वळकटीवर डोकं ठेवून रात्री काढायचे. पण मिरज गाव बघितल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. हजारो माणसांनी या गावात रात्र काढली आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं नाही, हे आज फार जाणवलं. (२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पोचवणारी रेल्वे इथूनच सुटली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तेव्हा तरी सगळ्या महाराष्ट्राने मिरजेचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं.)

सिटी बसने सकाळीच आले. सामान खांद्यावरच्या एका पिशवीत मावेल एवढंच आणलंय, त्यामुळे ते कुठे ठेवायचं हा प्रश्न नाही. मधल्या मुक्कामात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आधी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. तिथेच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचा हा मोठा गवई उत्तरेतला, पण मिरजेचा होऊन राहिला. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना, म्हणून मधल्याच एका लहान स्टेशनावर ते उतरले आणि तिथल्या फलाटावर त्यांनी प्राण सोडला. तिथून त्यांना मिरजेला आणलं. उरुसात गवई इथे येऊन हजेरी लावतात, पैशाची अपेक्षा न ठेवता. मी कबरीजवळ थोडा वेळ बसले. एक म्हातारे गृहस्थ झाडत होते. त्यांनी काही न विचारता माझ्यासाठी जागा आधी झाडून दिली.

आणि मग सतारमेकरांची गल्ली. माझी सकाळ तिथेच गेली आणि ती जावी अशीच होती.

पूर्वी ही शिकलगारांची घरं. तलवारी, हत्यारं घासूनपुसून धार लावणारी. हत्यारांचे दिवस सरले तसे त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानं उघडत होती. मी एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून विचारलं, "बघत बसले तर चालेल का?" आतल्या चाचांनी मान हलवली आणि स्टूल पुढे सरकवलं. वर दोरीला वाळलेले भोपळे टांगलेले. ते पंढरपूरकडून येतात. खायचे नव्हेत, कडू जातीचे, माणूस कवेत घेईल एवढाले.

चाचा एका तंबोऱ्याची जवारी लावत होते, म्हणजे तारेचा आवाज भरून घुमावा अशी जुळणी करत होते. हे मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. तंबोरा आडवा मांडीवर. तार छेडली तर आवाज कोरडा, आल्यासारखा आणि लगेच गेल्यासारखा. त्यांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस दोनदा फिरवली, इतकी हलकी की भुगासुद्धा नीट पडला नाही. मग तारेखाली सुताचा एक तुकडा घातला आणि नखाने तो पुढे सरकवला. छेडलं. पुन्हा सरकवला, डोळ्यांना दिसणार नाही इतका. छेडलं. पुन्हा. आणि एका जागी तो आवाज असा फुलला की भुंगा खोलीत शिरावा तसा चहूबाजूंनी यायला लागला. तार थांबल्यावरही भोपळ्यात तो राहिला होता. चाचांनी कान भोपळ्याजवळ नेला, ऐकलं, आणि पुढच्या तारेकडे वळले. चारही तारा लागेपर्यंत किती वेळ गेला मला कळलं नाही.

तंबोरा न्यायला विजापूरकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. चाचा तिच्याशी कानडीत, माझ्याशी मराठीत, आतल्या पोराशी हिंदीत, एका दमात. त्यांनी तिला बसवलं, तंबोरा हातात दिला आणि म्हणाले, "गा." ती लाजली. वडिलांकडे बघितलं. मग सा लावला. तंबोऱ्याचा आणि तिचा आवाज एक होईपर्यंत चाचा डोळे मिटून बसले होते. झाल्यावर फक्त एवढंच म्हणाले, की ऊन लागू देऊ नका, आणि गाडीत आडवा ठेवू नका. विष्णू दिगंबर पलुस्कर याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला, ही माहिती मला होती. पण एका अनोळखी मुलीच्या पहिल्या तंबोऱ्याच्या वेळी मी तिथे होते, याचा आनंद निराळा. चार तासांच्या मोकळ्या वेळात हे माझ्या वाट्याला आलं.

भुईकोट किल्ला राहिला. हरिपूरही राहिलं, तिथे वारणा कृष्णेला मिळते, आणि जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत तिथलीच. बरीचशी पेवं २००५ च्या पुरात गेली, उरलेली बघायची आहेत.

परतीची गाडी पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मिरजेत पोचते. रात्रीच साताऱ्याकडे निघता येईल, पण मी काही निघणार नाही. आत्ताच आत्याला फोन करून सांगितलं की मुक्काम तुझ्याकडे आणि सकाळी उजाडताच हरिपूर. ती म्हणाली, "उजाडता नको, थोडं आधी निघू. संगमावर बायका पाण्याला येतात तेव्हा जाऊ. रिक्षावाल्याला मी सांगून ठेवते."