कॅव्हर्नोमा: फिट येते ती गंजामुळे

कॅव्हर्नोमा म्हणजे मेंदूतल्या फुगलेल्या, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचा तुतीसारखा घोस. त्यातून रक्त थोडंथोडं पाझरतं, त्यातलं लोह भोवती साचतं, तिथल्या पेशी चिडतात आणि फिट येते. आतला प्रवाह इतका मंद, की अँजिओग्राफीत हा घोस सहसा दिसतच नाही. म्हणून एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय सीक्वेन्स, म्हणजे साचलेलं लोह टिपणारी स्कॅनची खास पद्धत, हवाच. त्यात लोहाचा डाग काळाकुट्ट उठून दिसतो. ऑपरेशनमध्ये शक्य असेल तिथे घोसाभोवतीची गंजलेली पिवळसर कडाही काढतात, कारण खरी खोडी तिचीच. गोळ्यांनी बऱ्याच जणांचं भागतं, पण डोस चुकवू नये. फिट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. ५ मिनिटं उलटली की १०८ लावा. आणि तो कांदा, ती चप्पल नाकापासून लांबच ठेवा.