बीपी वर आलं, मग किडनी का बसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयसीयूच्या दाराशी हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आता तो पुरा होण्याआधीच मला कळतो. ‘संसर्ग छातीत होता, बीपीही औषधांनी वर आलंय, मग किडनी का बसली? तिथवर रक्त पोचत नाहीये का?’

आम्हीही कॉलेजात असंच शिकलो होतो. दोन्ही किडन्या मिळून जेमतेम तीनशे ग्रॅमच्या, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, त्या घेतात. बीपी पडलं की त्यांची उपासमार होणार, हे पटण्यासारखंच आहे. रक्तस्राव झालेल्या किंवा जुलाबांनी कोरड्या पडलेल्या रुग्णात ते बऱ्याच अंशी खरंही असतं.

पण संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेफाम होऊन अवयव बिघडू लागतात, त्याला आम्ही सेप्सिस म्हणतो. त्याचं गणित वेगळं आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी मेंढ्यांच्या रक्तात ई. कोलाय जिवाणू सोडून किडनीच्या धमनीतला प्रवाह मोजला. 2006 साली छापून आलेल्या त्या प्रयोगात प्रवाह घटला नाही, उलट दुपटीहून जास्त वाढला, आणि तरीही क्रिएटिनिन (किडनी एरवी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) चढलं. मेंढ्या म्हणजे माणसं नव्हेत, हे मान्य. माणसांत एमआरआयने मोजल्यावर काही रुग्णांत प्रवाह कमीही सापडला. पण ‘रक्त कमी म्हणून किडनी बंद’ एवढ्या सरळ हिशेबावरचा माझा विश्वास उडाला तो तिथेच.

रक्त येणं आणि रक्त गाळलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किडनीतल्या प्रत्येक गाळणीत एक बारीक रक्तवाहिनी शिरते आणि एक बाहेर पडते. गाळण होते ती या दोघींमधल्या दाबावर. बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, बोट काढलं की पाणी तेवढंच येतं पण जोर जातो. सेप्सिसमध्ये बाहेर पडणारी वाहिनी जास्त सैलावत असावी, असं या प्रयोगांवरून दिसतं. शिवाय आत गेलेलं रक्तही सगळीकडे सारखं वाटलं जात नाही. किडनीच्या आतल्या भागाला एरवीही प्राणवायू बेताचाच मिळतो, आणि धमनीतला आकडा उत्तम असताना तो भाग उपाशी राहू शकतो. त्यात संसर्गाने पेटलेले दाहक पदार्थ गाळणीपुढच्या बारीक नलिकांच्या पेशींवर थेट आदळतात. त्या पेशी मग काम आवरतं घेतात. दगावलेल्या रुग्णांच्या किडन्या तपासल्या तर मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा फार कमी सापडतात. बऱ्याच किडन्या पुन्हा चालू होतात, त्यामागचं हे एक कारण असावं.

यानंतरचा प्रश्न ठरलेला: ‘मग सलाईन वाढवा ना!’ सुरुवातीच्या काही तासांत आम्ही ते देतोच, वजनाच्या दर किलोला तीस मिलीलिटर असा ढोबळ हिशेब असतो. त्यानंतर लघवीचा आकडा बघून बाटल्या लावत राहणं मला धोक्याचं वाटतं. जास्तीचं पाणी फुप्फुसांत आणि पायांत साठतं, शिरांमधला दाब वाढतो आणि किडनीतून रक्त बाहेर पडायलाच अडथळा होतो. एकेकाळी ‘किडनीचा डोस’ म्हणून डोपामिन हे हृदय-रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध थोडं लावायची पद्धत होती. 2000 साली मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग दिसला नाही. (सवयी मात्र चाचण्यांपेक्षा चिवट असतात.) हाती उरतं ते साधंच: योग्य अँटिबायोटिक लवकर देणं, पू असेल तर काढणं, नॉरअॅड्रेनॅलिन या बीपी वर आणणाऱ्या औषधाने रक्ताचा सरासरी दाब (वरच्या-खालच्या बीपीच्या मधला आकडा) 65 च्या आसपास ठेवणं, आणि किडनीला त्रासदायक औषधं टाळणं. जुना बीपीचा रुग्ण असेल तर दाब थोडा वरही ठेवावा लागतो.

क्रिएटिनिनवरून घाबरू नका, आणि निर्धास्तही होऊ नका. गाळण थांबल्यावर ते चढायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे आजचा आकडा बरेचदा कालची हकीकत सांगतो. तासाला किती लघवी झाली, ते नर्सना विचारा.

डायलिसिस लागलं तर ते कायमचंच, असं नाही. घाईने सुरू करून जीव जास्त वाचतात, असंही मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. म्हणून पोटॅशियम, आम्ल किंवा अंगातलं पाणी हाताबाहेर जात नसेल तर आम्ही थांबतो. घरी गेल्यावर मात्र तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या, आणि तोवर अंगदुखीच्या गोळ्या परस्पर आणून खाऊ नका.