गच्चीवरची पोरं: मेथी फस्त, पुदिना जोरात, कोथिंबीर वाटेवर

सोसायटीतल्या पोरांबरोबरचा हा उद्योग दसऱ्याला सुरू केला. रविवारी सकाळी गच्चीवर लावणी-कापणी, मग आमच्या ओट्यावर रांधणं. नियम एकच: ज्याने लावलं त्यानेच निवडायचं आणि चिरायचं.

श्रीगणेशा मेथीने केला, आणि माझ्या मते लहान मुलांबरोबर दुसऱ्या कशाने करूही नये. रात्रभर भिजवलेले दाणे तीन-चार दिवसांत वर येतात, तोवर पोरांचा धीर टिकतो. मुंबईत समुद्राकाठच्या रेतीत वाढवलेल्या समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात, तोच प्रकार आम्ही फळांच्या प्लास्टिकच्या डब्यांत केला. तळाला भोकं, आत निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर दाणे अगदी दाट. साधारण दहा दिवसांत कात्रीने कापण्याजोगी होते.

कापलेल्या मेथीचा घोळाणा केला. गॅस लागत नाही, म्हणून पहिला पदार्थ तोच ठरवला होता. कोवळी मेथी, बारीक कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. हाताने चुरायचं, पण हलकेच, नाहीतर पाणी सुटतं. पाचवीतला एक पोरगा घरी मेथीच्या भाजीचं ताट सरकवतो म्हणे. इथे भाकरीचा तुकडा घेऊन परातीच्या कडा पुसत होता. "काकू, ही कडू कमी आहे," असं त्याचं म्हणणं. कोवळ्या पानांत कडवटपणा कमी असतोच, पण परात त्याची स्वतःची होती हेही आलंच.

डबे दाट पेरलेले असले की पाण्याचा जाच होतो. पोरांना झारी दिसली की हात शिवशिवतात, आणि सतत ओलं राहिलं की रोपं बुडाशी काळी पडून लोळतात. आता डबा ताटातल्या पाण्यात थोडा वेळ ठेवतो आणि काढतो. झारी माळ्यावर.

पुदिना बाजारच्या जुडीतूनच. जाड, ताठ काड्या निवडायच्या, पेराच्या जरा खाली कापायच्या, खालची पानं खुडून पेल्यात ठेवायच्या. पाणी बदलत राहायचं. आठवड्याभरात पेरापाशी पांढरी मुळं दिसतात. काचेचा पेला घ्याच, अर्धी गंमत तिथेच आहे. त्याला कुंडी मात्र स्वतंत्र हवी, शेजाऱ्याला तो जगू देत नाही. चटणी पाट्यावर वाटली. मिक्सर दोन मिनिटांत काम उरकतो, पण पाट्यासाठी पोरं भांडली.

कोथिंबिरीला मुद्दाम उशीर केला. ऊन कडक असलं की ती पानं धरायच्या आधीच फुलावर जाते, त्यामुळे थंडीची चाहूल लागल्यावरच धणे काढले. स्वयंपाकघरातलेच, न भाजलेले. एका धण्यात दोन बिया असतात. लाटणं हलकेच फिरवून ते दुभंगायचे, चुरा करायचा नाही. या कामात सगळ्यात धाकटी मुलगी सगळ्यांत तरबेज निघाली. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. या काळात मुलं माती उकरून बघणारच, म्हणून एक कुंडी खास उकरण्यासाठी ठेवली आहे. वडीचा बेत ठरलाय, पण दोन कुंड्यांत कितीशी निघणार? भर बाजारच्या जुडीचीच.

पानओव्याची फांदी मातीत खोचली की लागते, त्याबद्दल काय लिहायचं. भजी मस्त झाली. पीठ कालवणं आणि पानं बुडवणं पोरांचं, कढई माझी.

शेपूला एकमुखी नकार आहे, तरी एका कुंडीत पेरलाय. कुंडीवर नाव घातलेलं नाही. गवती चहाचं बेट वेगळं करणारं कुणी ठाण्यात असेल तर दोन-चार फुटवे ठेवा माझ्यासाठी. बदल्यात पुदिना हवा तेवढा.