लॉक, स्टॉक अँड बॅरल: कुलूप नव्हे, बंदूक

‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ या इंग्रजी वाक्प्रचारातल्या ‘लॉक’चा दाराच्या कुलपाशी संबंध नाही आणि ‘स्टॉक’ म्हणजे दुकानातला मालही नव्हे. हे जुन्या ठासणीच्या बंदुकीचे तीन भाग: चकमक झाडून बार उडवणारी कळ, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आणि नळी. तिन्ही आले की बंदूक पुरी. म्हणून अर्थ ‘सगळंच्या सगळं’.

बहुधा वाक्याच्या शेवटी येतो: ‘दे सोल्ड द फार्म, लॉक, स्टॉक अँड बॅरल’, म्हणजे जमीन, गोठा, अवजारांसकट शेत विकलं. क्रम बदलू नका, ‘स्टॉक्स’ही करू नका. डबा संपवला, एवढ्यासाठी मात्र हा प्रयोग शोभत नाही. मालमत्ता, धंदा, बिऱ्हाड असं काही लागतं. मराठीत बिऱ्हाडाला ‘चंबूगबाळ्यासकट’ झकास बसतं, कंपनीच्या विक्रीला अजिबात नाही.