पुंगळी कुठं पडते ते बघ

गेल्या दीड वर्षातल्या माझ्या कितीतरी रविवारच्या रात्री एका बंदुकीपायी गेल्या, आणि ती बंदूक मी आजवर हातात घेतलेली नाही. ती आहे ह्यूस्टनला, माझ्या धाकट्या भावाकडं. मी इथं सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमवर तीस वर्षं जॉबरचं, म्हणजे माग लावायचं-दुरुस्त करायचं, काम केलं, टॉवेलचे माग पण आणि चादरीचे जेकार्ड पण. बंदुकीतलं मला काही कळत नव्हतं. पण मशीन अडतं कसं ते कळतं, आणि त्यावरच हे सगळं निभावलं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय.

धाकट्याला नेमबाजीचा नाद लहानपणापासून. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायचे स्टॉल असतात ना, तिथं आम्ही दोघं भाऊ खिशातले पैसे संपेपर्यंत उभे राहायचो, पाळण्यात बसायचे पैसे पण तिथंच जायचे. तो तिकडं गेला, तिथलाच नागरिक झाला, आणि आता रविवारी सकाळी क्लबात जाऊन क्ले टार्गेट मारतो. साधारण ११ सेंटीमीटरची ताटली मशीन हवेत फेकतं आणि ती छर्ऱ्यांनी फोडायची. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोडनं डबल ट्रॅपला चांदी आणली तो याच घराण्यातला खेळ. मोठ्या स्पर्धांतले लोक बहुतेक दोन नळ्यांची बंदूक वापरतात, एकावर एक नळी, दोन गोळ्या घातल्या, उडवल्या, उघडलं, संपलं. त्यात आपोआप हलणारं काही नाही म्हणून अडण्यासारखंही फार काही नाही. पण धाकट्याचा उजवा खांदा दुखरा, त्याला दोन नळीचा धक्का झेपत नाही, म्हणून त्यानं १२ बोअरची सेमी-ऑटोमॅटिक घेतली, जुनी, गॅसवर चालणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच.

गॅसवर म्हणजे काय ते मला त्यानं फोनवर अर्धा तास समजावलं. काडतूस उडालं की छर्रे नळीतून पुढं जातात, वाटेत नळीच्या खालच्या अंगाला बारीक भोकं असतात, त्यातून थोडासा गॅस खाली येतो आणि पिस्टनला मागं ढकलतो. पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या लोखंडी ठोकळ्याला, मागं नेतो, बोल्ट उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून काढतो, ती बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते, जाता जाता बार उडवणारा हॅमर चढतो, आणि मागं खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या आत एक लांब स्प्रिंग दाबली जाते. मग तीच स्प्रिंग बोल्टला पुढं फेकते, पुढं येताना तो नवीन काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, बसवतो आणि लॉक होतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. धक्का मऊ लागतो तो पण याच्यामुळंच, एका झटक्यात येणारा जोर या हालचालीत थोडा पसरतो.

मी ऐकलं आणि म्हणालो, अरे हा तर धोट्याचा मामला आहे! मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला पिकिंग स्टिक एकच टोला देते, त्या एका टोल्याच्या जोरावर त्यानं पार पलीकडच्या पेटीत जाऊन बसायचं. वाटेत पेटीला चिकटा असला, काही घासत असलं, तर धोटा मध्येच उभ्या सुतांच्या ताण्यात अडकतो आणि शंभर दोर तोडतो. बंदुकीत पण तसंच, गॅसचा एकच टोला, त्या जोरात सगळी कामं उरकायची. वाटेत कुणी जोर खाल्ला की शेवटचं काम अर्धवट राहणार.

त्याचं होत होतं असं, की दर पंचवीस गोळ्यांत एक-दोनदा पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी खिडकीत उभी अडकायची. क्लबातल्या लोकांनी लगेच सांगितलं, हलकी काडतुसं वापरतोस ना, २४ ग्रॅम छर्ऱ्यांची, जड घे. त्यानं ३२ ग्रॅमची घेतली आणि खरंच बंद झालं. दोन रविवार खूश होता. मला मात्र ते पटलं नाही. मागावर नवा पोरगा असंच करतो, धोटा पोचत नाही म्हटलं की पिकिंगचा पट्टा आवळतो, जोर वाढवतो, माग चालतो पण, आणि महिनाभरात धोट्याला टोला देणारा पिकर फुटतो. मी त्याला विचारलं, ही बंदूक घेतलीस तेव्हा २४ ग्रॅम चालत होती का? म्हणाला, हो, चालत होती. मग आता का चालत नाही ते शोध की बे. शिवाय खांद्यासाठी ही बंदूक घेतलीस आणि आता जड काडतुसं त्याच खांद्यावर घेतोयस.

मग मी त्याला वही घालायला लावली. आमच्याकडं प्रत्येक मागाला बंद पडल्याची नोंद असायची, कधी, किती वेळ, कशानं. तसंच त्यानं प्रत्येक पंचवीसला लिहायचं, कुठलं काडतूस, किती वेळा अडलं, अडलं ते कसं अडलं, आणि पुंगळी साधारण किती लांब पडली. हे शेवटचं फार कामाचं निघालं. जोर भरपूर असला की पुंगळी दहा-बारा फुटांवर जाते आणि जोर कमी पडायला लागला की अडायच्या बरंच आधी ती पायाजवळ पडायला लागते. दुसरी खूण म्हणजे मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची नळी, रिकामं ठेवून चेंबरमध्ये एकच काडतूस घालून उडवायचं, त्यानंतर बोल्ट मागं उघडाच थांबला पाहिजे. नाही थांबला तर तो पूर्ण मागं पोचतच नाहीये.

आणि एक अट घातली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे लोकांना जमत नाही, तीन गोष्टी एकदम करतात आणि मग कशानं बरं झालं ते कळत नाही.

पहिल्या रविवारी गॅसची बाजू. बंदूक रिकामी आहे का ते दोनदा बघ, चेंबर आणि मॅगझिन दोन्हीत बोट घालून बघ, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव, मग मला कॅमेरा दाखव, हे आमचं ठरलेलं. पिस्टनवर कार्बनचा थर कढईच्या बुडासारखा बसला होता. तो सॉल्व्हंटमध्ये भिजवून घासला, भोकं साफ केली, त्यात मी त्याला बजावलं की ड्रिल मशीन लावायचं नाही, भोक मोठं झालं तर जोर वाढेल आणि बंदूक स्वतःलाच ठोकत बसेल. गॅस बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या बंदुकीत एक रबरी ओ-रिंग आहे, तिला बारीक चीर गेली होती, ती बदलली. किरकोळ किमतीची वस्तू, दोन जादा घेऊन बॅगेत ठेव म्हटलं. पिस्टन आणि त्याची रिंग काढताना कशी होती त्याचा फोटो काढायला लावला, उलटी बसली तर आणखी एक भानगड. पुढच्या रविवारी पुंगळ्या थोड्या लांब पडल्या. अडणं कमी झालं, थांबलं नाही.

दुसऱ्या खेपेला चेंबर. स्वस्त काडतुसाचं बूड पितळेऐवजी पातळ स्टीलचं असतं, ते उडाल्यावर फुगतं आणि पितळेसारखं परत आकसत नाही, चेंबर जरा खडबडीत किंवा मळकट असलं की चिकटून बसतं आणि ओढून काढण्यात जोर जातो. ब्रशला अगदी बारीक स्टील वूल गुंडाळून चेंबर चकचकीत केला. फरक जवळजवळ शून्य.

वहीत मात्र एक गोष्ट दिसत होती. अडायचं ते बहुतेक पहिल्या पंचवीसात, आणि थंडीच्या सकाळी जास्त. घाणीनं अडत असतं तर उलट शेवटी शेवटी अडायला पाहिजे होतं, कारण घाण वाढत जाते! गरम झाल्यावर सुधारतंय म्हणजे कुठंतरी तेल घट्ट होतंय.

त्या रात्री मी त्याला म्हणालो, बंदूक रिकामी कर, फोन अगदी जवळ धर, बोल्ट मागं ओढ आणि सोड. मग मित्राची त्याच जातीची बंदूक घेऊन त्याच्यासमोर तेच करायला लाव. मी इथं कानाला फोन लावून पंखा बंद करून बसलो. मित्राची बंदूक एकच आवाज करत होती, खट्ट, कोरडा. धाकट्याची आधी खस्स करायची आणि मग टक्. चार वेळा ऐकलं, चारही वेळा तसंच. बिघाड डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतो, हे मागावर काम केलेला कुणीही सांगेल. बोल्टला कुणीतरी मागून धरून ठेवत होतं, आणि मागं असते ती दस्त्यातली स्प्रिंग, जी कुणीच कधी उघडत नाही कारण ती दिसतच नाही.

दस्ता उघडायला त्याला धाकधूक वाटत होती, आणि ते बरोबरच होतं, ती स्प्रिंग दाबातली असते, पिन काढताना सुटली तर तोंडावर येते. मी म्हटलं, गॉगल घाल नाहीतर सरळ कारागिराकडं जा. तो कारागिराकडं गेला, आणि त्यानं समोर उघडून दाखवलं ते मला व्हिडिओवर दिसलं. स्प्रिंगच्या नळीतून चिंधी फिरवून बाहेर काढली तर तिच्यावर काकवीसारखं दाट, तपकिरी, मध्ये गंजाचे कण असलेलं काहीतरी. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी धरली तर दोन बोटं आखूड.

आता ते तिथं गेलं कसं? तर धाकटा दर रविवारी बंदूक साफ करून हौसेनं भरपूर तेल मारायचा आणि कपाटात नळी वर करून उभी ठेवायचा. तेल आपलं काम करतं, ते खाली उतरतं. बोल्टमधून, मागच्या नळीतून थेट त्या स्प्रिंगच्या घरात, आणि ह्यूस्टनची हवा दमट. माझ्या भावानं बंदुकीची काळजी केली नाही असं नाही हो, त्यानं जास्त केली. आमच्याकडं कापसाचा फ्लफ आणि तेल एकत्र आले की नमद्यासारखं बसतं, तिथं तेल आणि कार्बन. म्हणून मी नव्या पोरांना सांगायचो की तेलाची बुधली घट्ट धरायची आणि फडकं सैल.

नवी स्प्रिंग घातली, तिची नळी कोरडी करून अगदी नावापुरता तेलाचा हात फिरवला. आता मॅगझिनच्या नळीवर तेलाचं फडकं फिरवून परत कोरड्या फडक्यानं पुसायचं, थेंब फक्त बोल्ट घासतो त्या जागी. आणि साफ केल्यावर रात्रभर बंदूक नळी खाली करून ठेवायची, तिच्याखाली त्यानं आमचाच एक सोलापुरी टॉवेल घडी करून ठेवलाय.

क्लबात कुणीतरी त्याला इनर्शियावर चालणारी घे म्हणून पण सांगत होतं. ती कमी मळते हे खरं, कारण गॅस आत येतच नाही, पण ती बंदुकीच्या स्वतःच्या धक्क्यावर चालते, तिला खांदा घट्ट लागतो आणि वजनं जोडून जड केली की हलकी काडतुसं तिला पुरत नाहीत. दुखऱ्या खांद्याच्या माणसानं त्यात काय मिळवायचं?

एक गोष्ट मात्र यात हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बंदूक अडली की तोंड ताटल्यांच्या दिशेलाच ठेवायचं, जरा थांबायचं, मग उघडायचं. आणि बार नेहमीसारखा न होता नुसता फुस्स झाला तर पुढचं काडतूस अजिबात उडवायचं नाही, आधी रिकामी करून नळी आरपार बघायची, आत काडतुसातला छर्ऱ्यांमागचा प्लॅस्टिकचा वॅड अडकलेला असू शकतो, आणि त्यावर दुसरा बार गेला तर नळी फाटते. हे त्याला मी नाही, त्याच्या क्लबानं शिकवलं, पण मी दर रविवारी त्याच्याकडून म्हणून घेतो.

परवाच्या रविवारचं वहीतलं पान त्यानं फोटो काढून पाठवलं. २४ ग्रॅम, चार पंचवीस, अडलं शून्य, पुंगळ्या आठ ते दहा फूट. खाली त्यानं लिहिलंय, "दादा, खट्ट." पण ही पानं सगळी उन्हाळ्यातली आहेत. जानेवारीत इथं गड्डा भरेल तेव्हा तिकडं थंडी असेल, तेव्हाचं पहिलं पंचवीस मला बघायचंय.