टॉम विल्सची कारकीर्द जुळवताना

मेलबर्नमधल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेतली मुले हिवाळा सुरू झाला की फूटीशिवाय, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलशिवाय, दुसरे काही बोलत नाहीत. या खेळाच्या पहिल्या पिढीतल्या एखाद्या खेळाडूची माहिती त्यांच्यासाठी मराठीत लिहून द्यावी, असे शाळेने सुचवले, तेव्हा मी थॉमस वेंटवर्थ विल्स, म्हणजेच टॉम विल्स, याची निवड केली. तो आपल्या काळातला ऑस्ट्रेलियातला अव्वल क्रिकेटपटूही होता आणि मराठी घरांतल्या पालकांना त्यामुळे तो जवळचा वाटेल, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

आजच्या खेळाडूची कारकीर्द सामने, गोल आणि पदके यांच्या तक्त्यात मावते. विल्सच्या बाबतीत असा तक्ताच नाही. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग या फूटीच्या स्पर्धेचा पहिला हंगाम 1897 मध्ये झाला आणि तोवर त्याला जाऊन सतरा वर्षे लोटली होती. त्याच्या काळात बहुतेक सामने एका बाजूचे दोन गोल होईपर्यंत किंवा अंधार पडेपर्यंत चालत, एकेका गोलासाठी तासन्‌तास जात आणि कोण कसा खेळला हे वार्ताहराच्या मर्जीवर उरे. त्यामुळे नॅशनल लायब्ररीच्या ‘ट्रोव्ह’ या डिजिटल संग्रहातली जुनी वर्तमानपत्रे हाच माझा मुख्य आधार झाला. तिथे नुसत्या आडनावाने शोधले, तर (इंग्रजीत ‘विल्स’ म्हणजे मृत्युपत्रेही) मृत्युपत्रांच्या जाहिरातींचा ढीग समोर येतो. वर्तमानपत्राचे नाव ठरवून मे ते सप्टेंबर एवढेच महिने निवडले, की मग कुठे खेळाच्या बातम्या दिसू लागतात. त्याचे भाऊही खेळणारे असल्यामुळे आद्याक्षरे नसलेली बातमी मी बाजूला ठेवत गेले.

सुरुवातीची वर्षे फारशी अडली नाहीत. 19 ऑगस्ट 1835 रोजी न्यू साउथ वेल्समध्ये जन्म, पश्चिम व्हिक्टोरियातल्या मोयस्टनजवळ वडिलांच्या मेंढ्यांच्या कुरणांवर गेलेले बालपण, तिथल्या जाब वुरुंग या आदिवासी समाजातल्या मुलांची संगत आणि त्यांच्या भाषेशी ओळख, मग इंग्लंडमधल्या रग्बी स्कूलमध्ये शिक्षण आणि 1856 च्या डिसेंबरात परत, हा क्रम सगळीकडे जुळतो. 1858 च्या जानेवारीत त्याच्या नेतृत्वाखाली व्हिक्टोरियाने क्रिकेटमध्ये न्यू साउथ वेल्सला हरवले आणि त्याचे नाव घरोघरी झाले.

‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या वर्तमानपत्राच्या 10 जुलै 1858 च्या अंकातले त्याचे प्रसिद्ध पत्र मात्र मी सावकाश वाचले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी सुस्त बसू नये, फुटबॉल क्लब काढावा, नियम ठरवायला एक समिती नेमावी आणि ते जमत नसेल तर निदान नेमबाजीचा क्लब तरी काढावा, असे त्यात म्हटले आहे. नवा खेळ निर्माण करण्याची घोषणा त्यात कुठेच नाही. क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये, ही एका कर्णधाराची काळजी आहे. त्यानंतर महिन्याभरातच, 7 ऑगस्टला, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर यांचा प्रत्येकी चाळीस मुलांचा सामना झाला आणि पंचांपैकी एक विल्स होता. दुसरे पंच जॉन मॅकॅडम. मॅकाडेमिया या झाडाला त्यांचेच नाव आहे, आणि मुलांच्या लक्षात पुढे तेवढेच राहिले!

17 मे 1859 रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबच्या समितीने दहा नियम लिहून काढले. विल्सबरोबर हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ ही मंडळी होती. विल्सचा ओढा त्याच्या शाळेच्या नियमांकडे होता, पण बाकीच्यांना ते पटले नाहीत. नडगीवर लाथ मारायला मनाई झाली. पाय अडकवून पाडणे आणि ढकलणे मात्र चालू राहिले. चेंडू पायाने मारलेला किंवा टप्पा पडून उसळलेला असेल तरच हातात घ्यायचा, जमिनीवरून उचलायचा नाही, हा नियम वाचला की आजच्या फूटीपेक्षा तो खेळ किती वेगळा होता ते कळते. विल्सला ‘फूटीचा जनक’ म्हणायचे मी टाळले, ते या चौघांमुळे. मार्नग्रूक या आदिवासी खेळातूनच फूटी आली, हे मतही मी मत म्हणूनच नोंदवले. विल्सने लहानपणी तो खेळ पाहिला असणे अगदी शक्य आहे, पण त्याच्या हातचा तसा एकही कागद पुढे आलेला नाही.

सर्वांत जास्त वेळ 1861 ने घेतला. वडील होरेशियो यांच्याबरोबर तो क्वीन्सलँडमधल्या कलिन-ला-रिंगो इथे नवी वसाहत उभारायला गेला होता. 17 ऑक्टोबरला आदिवासींच्या हल्ल्यात वडिलांसह 19 जण मारले गेले. टॉम सामान आणायला गेल्यामुळे वाचला. जवळच्या एका गोऱ्या वसाहतदाराने आधी केलेल्या हत्यांचा हा सूड होता, असे बरेच इतिहासकार मानतात. वर्तमानपत्रांत मात्र मेलेल्या गोऱ्यांबद्दल रकानेच्या रकाने भरले आहेत आणि त्यानंतर गोऱ्या टोळ्यांनी व नेटिव्ह पोलिसांनी (गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचे आदिवासी शिपाई) तिथल्या गायिरी या आदिवासी लोकांची जी कत्तल केली, तिच्याबद्दल शाबासकीच्या सुरातल्या ओळी आहेत. त्या कत्तलीत विल्स स्वतः सामील होता, असे सांगणारा 1895 चा ‘शिकागो ट्रिब्यून’मधला निनावी मजकूर 2021 मध्ये उजेडात आला. काही अभ्यासकांना तो विश्वासार्ह वाटत नाही. तो वगळावा असे शाळेतल्या एका ताईंचे म्हणणे होते. मी तो ठेवला, पण निनावी आहे आणि 34 वर्षांनंतरचा आहे, हे त्याच वाक्यात लिहिले. शिवाय याच माणसाने पुढे पश्चिम व्हिक्टोरियातल्या आदिवासी क्रिकेटपटूंना तयार केले आणि 1866 च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे 26 डिसेंबरला, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर त्यांचे नेतृत्व केले, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याच्यासमोर दोन्ही गोष्टी हव्यात.

जिलाँग क्लबकडून तो 1870 च्या दशकातही फुटबॉल खेळत होता, पण बातम्या आखूड होत जातात आणि दारूचा उल्लेख आडून आडून येऊ लागतो. 2 मे 1880 रोजी मेलबर्नजवळच्या हायडेलबर्गमधल्या घरी, वयाच्या 44व्या वर्षी, त्याने स्वतःचा जीव घेतला. नंतरच्या मृत्युचौकशीत, अतिरेकी दारूमुळे मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत आत्महत्या, असा निर्णय झाला. वॉरिंगल दफनभूमीतल्या त्याच्या थडग्यावर शंभर वर्षे दगड नव्हता. तो मेलबर्न क्रिकेट क्लबने 1980 मध्ये बसवला.

धाकट्यांच्या प्रतीत मी मृत्यूचे वर्ष आणि वय एवढेच ठेवले. चौकशीचा निर्णय, कलिन-ला-रिंगो आणि शिकागोचा मजकूर मोठ्या मुलांच्या आणि पालकांच्या प्रतीत आहे, आणि शाळेने दोन्ही प्रती छापल्या.