पू दिसला म्हणजे जंतूच असतात असं नाही

दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी जोरात असते आणि वाळलेल्या बोंडांनी बायांच्या हातांवर ओरखडे उठतातच. त्यामुळे मायच्या उजव्या पंजाच्या पाठीवर फोड आला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. हळद लावली. पण फोड फुटला आणि जखम पसरायला लागली. मधे पिवळट पू, कडेला जांभळी, फुगलेली किनार. पदराचा काठ लागला तरी माय कळवळायची. अंगात कणकण असायची.

तालुक्याला अँटिबायोटिक गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग जखम साफ करायची म्हणून कडेचं कातडं कापलं. त्यानंतर ती जास्तच चिघळली, आणि सलाईनची सुई टोचली होती तिथंही नवा फोड आला. हे मला अजून सलतं, कारण याच दोन गोष्टींत आजाराची खूण होती. या आजारात कातडीला इजा झाली की तिथंच तो पेटतो.

लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी आधी पुवाचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा अहवाल, पाहिला. जंतू वाढलेच नव्हते. मग जखमेच्या कडेचा छोटा तुकडा बायोप्सीला पाठवला. त्यात कातडीच्या आतल्या थरात न्यूट्रोफिल, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खच्चून भरलेल्या होत्या. लढायला जंतू मात्र नव्हते. बुरशी नाही, टीबी नाही.

‘‘हात तोडावा लागंल का वो?’’ मायनं विचारलं.

‘‘नाही मावशी. उलट आता याला कुणाला ब्लेड लावू देऊ नका.’’

आजाराचं नाव न्यूट्रोफिलिक डर्मॅटोसिस ऑफ द डॉर्सल हँड्स, म्हणजे पंजाच्या पाठीवर न्यूट्रोफिल जमून होणारा कातडीचा आजार. १९६४ साली रॉबर्ट स्वीट या इंग्लंडच्या डॉक्टरांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्या स्वीट सिंड्रोमचाच हा हातांवर येणारा प्रकार मानतात.

उपचार प्रेडनिसोलोनचा, म्हणजे सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइड गोळीचा. पू वाहत असताना स्टेरॉइड द्यायचं या कल्पनेनंच माझ्या पोटात गोळा आला होता. पण थोड्याच दिवसांत ठणका गेला, जांभळी किनार बसली, मायनं त्या हातानं भाकरी मोडली. गोळी एकदम बंद करायची नसते, हळूहळू उतरवायची. तोवर साखर आणि बीपी बघत राहायचं. स्टेरॉइड उतरवताना आजार उलटला तर डॅप्सोन नावाची गोळी देतात, त्याआधी जी-सिक्स-पीडीची, म्हणजे लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, रक्ततपासणी लागते. डॅप्सोन कुष्ठरोगातही वापरतात, तेव्हा चिठ्ठी वाचून गावानं भलतंच बोलू नये म्हणून मॅडमनी हे आम्हाला आधीच समजावून ठेवलं. किती मोलाचं होतं ते!

काही जणांत या आजाराच्या मागं रक्ताचा किंवा अस्थिमज्जेचा विकार, कधी आतड्याची सूज लपलेली असते. म्हणून मायचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, केली. हिमोग्लोबिन कमी निघालं, ते लोहाच्या कमतरतेमुळं. बाकी पेशी ठीक आहेत. तरी सीबीसी अधूनमधून करत राहायचं आहे. पुढची तपासणी संक्रांतीनंतर.